आमच्या युथचं व्हिजन कसं ठरलं: वास्कोच्या मराठी मंडळीतला अनुभव

सलाम सगळ्यांना. आमच्या मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) तरुण संघाचं, युथचं, व्हिजन आणि पुढच्या तीन वर्षांचे गोल आम्ही कसे ठरवले ते एकदा नीट लिहून काढ म्हणून मिरज-कोल्हापूरकडच्या युथमधल्या मैत्रिणी बरेच दिवस मागे लागल्यात. फोनवर तुकड्या-तुकड्यात सांगून झालंय, पण फोनवर मधलं सगळं राहून जातं आणि शेवटचं वाक्य तेवढं समोरच्याच्या हातात पडतं, आणि माझ्या मते ते वाक्य दुसऱ्या मंडळीच्या काही कामाचं नाही, कामाचं आहे ते त्याच्याआधी जे जे झालं ते. म्हणून लांबलचक लिहितेय, सवडीने वाचा.

आधी आम्ही कोण ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे गोव्यात ख्रिस्ती लोक साधारण २५ टक्के, म्हणजे चारात एक, त्यामुळे घाटावरच्या नातेवाइकांना वाटतं तुम्हाला काय, तिकडे सगळे आपलेच. पण इथले बहुतेक ख्रिस्ती कॅथलिक, कोकणीत मिस्सा ऐकणारे, गावागावात त्यांची शेकडो वर्षांची चर्चेस, आणि आम्ही मिरज, सांगली, नगर, सोलापूरकडून पोटापाण्यासाठी आलेल्या प्रोटेस्टंट मराठी माणसांची पोरं-नातवंडं. माझे आजोबा मिरजेहून लोंढ्यामार्गे रेल्वेने वास्कोत आले आणि पोर्टात लागले, आमच्या अर्ध्या घरांची गोष्ट हीच आहे, कोणी पोर्ट, कोणी शिपयार्ड, कोणी रेल्वे, कोणी नर्स. आमच्या पोरांनी कॉलेजात नाव सांगितलं की पहिला प्रश्न, आडनाव गायकवाड आणि क्रिश्चन, असं कसं? कॅथलिक मित्र विचारतो कुठल्या पॅरिशचा, हिंदू मैत्रीण विचारते मग तुम्ही घरी कोकणी का बोलत नाही, आणि कुठे वाजलं की दोघांच्याही तोंडात घाटी. गावी गेलं तर तिथले म्हणतात आले गोवेकर. आमच्या युथमधल्या जवळजवळ प्रत्येकाने हे कधी ना कधी सोसलंय आणि व्हिजन ठरवताना याचा फार मोठा हात होता, पुढे येईलच.

सुरुवात बजेटपासून झाली. आत्ताचे पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, बदली होऊन आले त्या वर्षी वार्षिक सभेच्या आधी त्यांनी युथचं बजेट मागितलं, आम्ही नेहमीचा कागद दिला, नाताळचं नाटक, कॅरल राउंड, ईस्टरची पहाटेची उपासना, पिकनिक, टी-शर्ट. साहेबांनी शांतपणे वाचला आणि म्हणाले, "सगळं चांगलंय, पण हे कशासाठी चाललंय ते मला एका ओळीत लिहून द्या." आम्ही म्हटलं शनिवारी मीटिंग आहे, लगेच देतो. तर म्हणाले, "शनिवारी नको. आधी नहेम्या वाचा सगळे मिळून, पहिले सहा अध्याय, घाई नाही."

नहेम्या म्हणजे बायबलच्या जुन्या करारातलं एक पुस्तक. आम्हाला वाटलं साहेब वेळ काढतायत. पण वाचायला बसलो आणि खरंच काही गोष्टी पहिल्यांदा दिसल्या. यरुशलेमचा तट पडलाय ही बातमी नहेम्याला किसलेव महिन्यात कळते आणि तो राजापुढे तोंड उघडतो नीसान महिन्यात, म्हणजे मधे चार एक महिने तो माणूस रडतोय, उपास करतोय, प्रार्थना करतोय. मग यरुशलेमला पोचल्यावर तीन दिवस गप्प. मग रात्री थोडी माणसं घेऊन पडक्या तटाच्या कडेने फिरतो, एका ठिकाणी तर जनावराला जायला पण वाट नाही, आणि तोपर्यंत त्याने अधिकाऱ्यांना, याजकांना, कोणालाच आपल्या मनात काय आहे ते सांगितलेलं नाही. सगळं डोळ्यांनी बघून झाल्यावर मग बोलतो की चला, बांधू या. आणि बांधून किती दिवसांत होतं, ५२. चार महिने गुडघ्यावर आणि दोन महिन्यांच्या आत तट पूर्ण. आम्ही युथमधे आजवर नेमकं याच्या उलट करत होतो, सगळ्याच मंडळ्यांत बहुतेक तसंच चालतं, आधी बॅनर छापायला जातो मग प्रार्थना.

तिसरा अध्याय मी लहानपणापासून वगळत आलेय, नुसती नावांची यादी म्हणून. या वेळी एकेकाने मोठ्याने वाचला. सोनार तट बांधतायत, अत्तरवाले बांधतायत, शल्लूम आणि त्याच्या मुली बांधतायत (हे आलं तेव्हा आमच्या मुलींनी बाक वाजवले), आणि परत परत एक गोष्ट येते, अमक्याने आपल्या घरासमोरचा भाग दुरुस्त केला, तमक्याने आपल्या खोलीसमोरचा. आमच्यातली एक बारावीची मुलगी म्हणाली, "ताई, म्हणजे सगळ्यांना एका ठिकाणी बोलावलंच नाही, जो जिथे राहतो तिथलंच काम दिलं." तेव्हा आम्ही पुढे वाचत गेलो, पण नंतरचं सगळं तिच्या त्या एका बोलण्यावर उभं राहिलं.

मग आम्ही आमची पाहणी सुरू केली. मंडळीच्या मागच्या वर्षीच्या मोठ्या कॅलेंडरची पानं उलटी करून एकमेकांना चिकटवली आणि त्यावर मुरगाव तालुका काढला, सडा, बोगदा, बायणा, मांगोर, नवेवाडे, चिखली, दाबोळी, झुआरीनगर, सांकवाळ, पार कुठ्ठाळीच्या पुलापर्यंत, आणि बाजूला वेर्णाची इंडस्ट्रियल इस्टेट, पलीकडे पणजी. मंडळीच्या रजिस्टरमधून १५ ते ३० वयाची सगळी नावं घेतली, येणारी आणि न येणारी पण. निळ्या पेनाने कोण कुठे राहतो, लाल पेनाने कोण कुठे काम करतो किंवा शिकतो, आणि प्रत्येकाच्या नावाखाली सुट्टी कधी, शिफ्ट कुठली.

एवढं करेपर्यंतच गप्प बसायची वेळ आली. आमची मीटिंग वर्षानुवर्षं शनिवारी संध्याकाळी सहाला, आणि वर्षानुवर्षं रिपोर्टमधे एकच ओळ, तरुणांची आध्यात्मिक आवड कमी झाली आहे. नकाशावर बघितलं तर वेर्णाला सेकंड शिफ्टला असलेले शनिवारी सहाला मशीनवर उभे, ते सुटणार रात्री. हॉटेलात, कॅसिनोवर, एअरपोर्टवर असलेल्यांचं सगळ्यात जास्त काम शनिवार-रविवारी, कारण टुरिस्ट तेव्हाच येतो, त्यांना सुट्टी मिळते ती सोमवार-मंगळवारी. नर्सिंगच्या मुलींची ड्युटी रोटेशनची. शनिवारी सहाला मोकळे होते ते फक्त शाळा-कॉलेजवाले आणि आमच्यासारखे ऑफिसातले. म्हणजे गोव्याचं पोट ज्या धंद्यावर चालतं तो धंदा आम्ही वेळ ठरवताना धरलाच नव्हता आणि आवड कमी झाल्याचा ठपका मात्र पोरांवर.

पुढचे काही आठवडे दोघा-दोघांनी जाऊन भेटायचं ठरलं, मुलींना मुली, मुलांना मुलं. साहेबांनी एक अट घातली, तू चर्चला का येत नाहीस हा प्रश्न कोणी विचारायचा नाही. विचारायचं ते हे की आठवडा कसा जातो, अडचण आली तर पहिला फोन कोणाला करतोस, विश्वासातलं काय पटत नाही किंवा कळत नाही, आणि तुला काय येतं. शेवटचा प्रश्न साहेबांचा आवडता, ते म्हणतात आपण तरुणांना कायम काय हवंय ते विचारतो, काय देऊ शकतोस ते कोणी विचारतच नाही.

एक भेट सांगते. भावाबरोबर मी पण गेले होते, कारण तो मुलगा माझ्या शब्बाथ शाळेच्या, म्हणजे रविवारच्या बायबल शिकवणीच्या, वर्गात होता लहानपणी. वेर्णाला कंपनीत, शिफ्ट सुटल्यावरच भेटू शकतो म्हणाला, म्हणून रात्री वास्कोत गाड्यावर भेटलो, रॉस ऑम्लेट, म्हणजे रश्श्यातलं ऑम्लेट, आणि पाव घेतले. तो खाण्यात, आम्ही त्याच्याकडे बघण्यात, कोणी काही बोलेना. मग रश्श्यात पाव बुडवता बुडवता म्हणाला, "ताई, मला वर्षातून दोन फोन येतात मंडळीतून. एक नाताळची वर्गणी आणि एक जेवणाच्या कूपनचा. मी दोन्ही वेळेला पैसे पाठवतो. माझी आई गेल्या पावसात आजारी होती, तिला मिरजेला हलवली, तेव्हा मला फोन आला तो माझ्या सुपरवायझरचा. तो कारवारचा, मुसलमान आहे. रोज विचारायचा." हे सांगताना त्याचा आवाज वर चढला नाही, तक्रारीचा सूरही नव्हता, आणि त्यामुळेच ते ऐकणं जास्त जड गेलं. दुसरा प्रश्न विचारायची गरजच उरली नाही, अडचणीत पहिला फोन कोणाला त्याचं उत्तर मिळालं होतं. निघताना मी म्हटलं तुला काय येतं रे, तर म्हणाला इलेक्ट्रिकचं काहीही. त्याला आमच्या हॉलच्या वायरिंगचं कोणी कधी विचारलं नव्हतं, दर वेळी बाहेरून माणूस बोलवत होतो.

दुसरी एक मुलगी पणजीला मांडवीतल्या कॅसिनो बोटीवर कामाला. तिचा प्रश्न सरळ होता, मी पत्ते वाटते म्हणजे मी पापात आहे का, आणि असेन तर मला तसं सांगा, पण उपासनेनंतर बायका बाजूला होऊन कुजबुजतात ते नको. यावर आमच्यात भरपूर वाद झाला आणि खरं सांगायचं तर अजून मिटलेला नाही. काहींना वाटतं जुगाराच्या धंद्यातली नोकरी विश्वासणाऱ्याने करूच नये, काहींना वाटतं गोव्यात बारा-पंधरा हजारांच्या वर द्यायला दुसरं कोण बसलंय तिला. माझं मत विचाराल तर, घर तिच्या पगारावर चालतं, वडील नाहीत, नोकरी सोडायची का ते ती प्रभूपुढे बसून ठरवेल, पण ते ठरवताना तिच्या शेजारी बसायला माणूस पाहिजे आणि ती माणसं आपण. जवळ न घेता उपदेश करायचा हक्क कोणालाच नाही.

म्हाताऱ्या माणसांनाही भेटलो आम्ही, ही कल्पना युथमधल्याच एकीची. आमच्या एका आजींना जुनी भजनं तोंडपाठ, पेटीवर सूर धरला की थांबत नाहीत, त्यांनी उलट विचारलं की माझ्या नातवाला ही का येत नाहीत. कारण साधं आहे, तो इंग्लिश मीडियमचा, मित्रांशी कोकणी, कामावर हिंदी, देवनागरी वाचतो पण अडखळत, गायनाच्या पुस्तकातली भाषा त्याला परकी वाटते आणि चुकलो तर हसतील म्हणून तो ओठ हलवत उभा राहतो. यातूनच साहेबांनी एका रविवारी दुपारी आम्हा सगळ्यांना सासष्टीत राशोलला नेलं. तिथे त्यांनी फादर थॉमस स्टीफन्सची गोष्ट सांगितली, इंग्लंडचा माणूस, १५७९ मधे गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि येशूची कथा मराठीत ओवीबद्ध लिहिली, ते क्रिस्तपुराण १६१६ मधे इथेच राशोलला पहिल्यांदा छापलं गेलं. दहा हजारांच्या वर ओव्या. आमच्या पोरांना हे कोणालाच माहीत नव्हतं. येताना बसमधे मागच्या सीटवर चर्चा चालली होती की म्हणजे मराठीतून येशूचं नाव घेणं ही गोव्यात चारशे वर्षं जुनी गोष्ट आहे, आपले आजोबा ट्रंक घेऊन उतरले तेव्हापासूनची नाही. ज्याला कॉलेजात सगळ्यात जास्त घाटी ऐकावं लागलं होतं तोच हे सगळ्यांना समजावून सांगत होता. कॅथलिकांचं ते आपलं कसं असं एका काकांनी नंतर म्हटलं, पण मला ते पटत नाही, ख्रिस्ताची कथा आहे आणि आपल्या आईच्या भाषेत आहे, अजून काय पाहिजे.

आता वाक्य लिहायचा दिवस. चर्चच्या हॉलमधे भिंतीला ब्राऊन पेपर लावले, मार्कर दिले, बाहेर धो धो पाऊस. पहिल्या फेरीत जे आलं ते सगळं इंटरनेटवरचं, पिढी पेटवू, राष्ट्र हलवू, जगावर प्रभाव पाडू. लिहिणाऱ्यांचं मन खरं होतं, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण ती वाक्यं नागपूरच्या युथनेही लावली असती आणि नागालँडच्याही, आमच्या नकाशावरचं एकही नाव त्यात नव्हतं. मग आम्ही तीन कसोट्या भिंतीवर लिहिल्या. हे वाक्य आमच्याच मंडळीचं आहे का. युथमधलं सगळ्यात लहान पोर हे त्या पेटीवाल्या आजींना समजावू शकेल का. आणि वर्षाने बघितलं तर झालं की नाही झालं हे प्रामाणिकपणे सांगता येईल का. पहिल्या कसोटीतच बहुतेक कागद खाली आले.

दुपारनंतर कोणीतरी रॉस ऑम्लेटवाल्या मुलाचं बोलणं परत काढलं. एकटा पडू नये, हे तिथून आलं. पण एवढंच ठेवलं तर तो मित्रमंडळाचा उद्देश झाला, ख्रिस्त कुठे आहे त्यात, असं एकाने विचारलं आणि बरोबर विचारलं. प्रेषितांच्या कृत्यांचा दुसरा अध्याय उघडला, पहिल्या मंडळीत शिक्षण, सहवास, भाकर मोडणं आणि प्रार्थना हे चारही एकत्र आहेत, सहवास सुटा नाही. मग शिष्य म्हणून वाढावा, हे आलं. मग त्या बारावीच्या मुलीचा घरासमोरचा तट. आणि शेवटी नर्सिंगची एक मुलगी म्हणाली की सगळं आपल्याच पोरांबद्दल चाललंय, आमच्या चाळीतल्या लोकांचं काय, त्यांनी आपल्याकडे बघून काय समजायचं? त्यावर संध्याकाळपर्यंत चाललं. शेवटी जे ठरलं ते असं: आमच्या मंडळीचा एकही तरुण एकटा पडू नये, तो जिथे राहतो आणि राबतो तिथेच ख्रिस्ताचा शिष्य म्हणून वाढावा, आणि तिथल्या शेजाऱ्याच्या उपयोगी पडावा.

राबतो हा शब्द वेर्णावाल्यांनी घालायला लावला. काम करतो असं होतं आधी.

गोल ठरवणं मला वाटलं होतं सोपं जाईल, पण तिथेच जास्त तापलो. आमच्यात एकजण सेल्समधे आहे, त्याचं म्हणणं आकडा नसेल तर गोल कसला, वर्षाच्या शेवटी हॉलमधे साठ पोरं दिसली पाहिजेत, दहा बाप्तिस्मे झाले पाहिजेत असं लिहा. त्याचं अर्धं म्हणणं खरं आहे, आकडा नसला की सगळं देवाच्या नावाने हवेत राहतं. पण साहेबांनी बायबलमधलं १ करिंथ, तिसरा अध्याय काढायला सांगितलं, पौल म्हणतो मी लावलं, अपुल्लोसाने पाणी घातलं, वाढवलं ते देवाने. मग आम्ही त्याच्यावरच रेघ ओढली. लावणं आणि पाणी घालणं हे आमचं काम, त्याचे आकडे धरायचे आणि कडक धरायचे. वाढीचे आकडे धरायचे नाहीत, कारण एकदा का बाप्तिस्म्याचा टार्गेट लिहिला की आपण माणसाकडे माणूस म्हणून बघायचं सोडतो, तो टार्गेटमधला एक होतो, आणि पोरांना ते लगेच कळतं. तरुणांमधे काम करणाऱ्या सगळ्यांना माझं कळकळीने सांगणं आहे की हा फरक लिहायच्या आधी करा.

त्यामुळे पहिल्या वर्षाचे गोल असे झाले की प्रत्येक तरुणाला आईवडील सोडून मंडळीतला एक मोठा माणूस सोबती म्हणून मिळेल, मुलांना काका-दादा, मुलींना ताई-मावशी, महिन्यातून एकदा तरी भेट. शनिवारची एकच मीटिंग मोडून तीन छोटे गट, एक सडा-बोगद्याकडचा, एक वास्को-बायणा-मांगोरचा आणि एक झुआरीनगर-सांकवाळ-वेर्णाचा, हा शेवटचा मंगळवारी रात्री उशिरा, शिफ्टवाले आणि हॉटेलवाले धरून. गटात मार्ककृत शुभवर्तमान, चारांतलं सगळ्यात लहान, १६ अध्याय, आठवड्याला एक, न येणाऱ्याला व्हॉट्सअॅपवर आवाजात वाचून पाठवायचं म्हणजे देवनागरी अडखळणाऱ्यालाही सोपं. आणि शेजाऱ्यासाठी म्हणून फेब्रुवारीपासून परीक्षा संपेपर्यंत हॉल रात्री अभ्यासाला उघडा ठेवायचा, कुठल्याही जातीधर्माचं दहावी-बारावीचं पोर चालेल, कारण बायण्यात-झुआरीनगरात एका खोलीत सहा माणसं राहतात तिथे पोराने अभ्यास करायचा कुठे.

सुरक्षेचे नियम यातच लिहिले आणि यावर मी अजिबात मागे हटले नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाबरोबर बंद खोलीत एकटं मोठं माणूस नाही, कायम दोघं मोठे. सहलीला पालकांची लेखी परवानगी. रात्री उशिरा लहानांशी खासगी चॅट नाही. एक ज्येष्ठ म्हणाले आपल्या मंडळीत असं कधी होत नाही, उगाच संशय कशाला. मी म्हटलं काका, पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा, २०१२ पासून आहे, माहिती असून पोलिसांना न कळवणं हाही त्यात गुन्हा आहे, आणि नियम सगळ्यांना सारखा असला की कोणावर संशय येतच नाही. हॉलच्या दारावर चाइल्डलाइनचा १०९८ नंबर मोठ्या अक्षरात लावला, शेजारी टेलिमानसचा १४४१६, मनाच्या त्रासासाठी, कारण भेटींमधे झोप लागत नाही, जगावंसं वाटत नाही हे आम्ही एकापेक्षा जास्त तोंडांतून ऐकलं होतं आणि प्रार्थनेबरोबर त्यांना समुपदेशकही पाहिजे.

मग पंचकमिटी, म्हणजे मंडळीचा कारभार बघणारी कमिटी. तिथे खरी परीक्षा. सगळं ऐकून घेतल्यावर खजिनदार काका म्हणाले, "छान आहे. पण शनिवार मोडलात तर नाताळचं कोण करणार?" आणि बैठकीत एकदम कुजबुज. कारण आमच्याकडे, आणि तुमच्याकडेही असेलच, युथ म्हणजे मंडप, खुर्च्या, तारे लावणं, नाटक, कॅरल, जेवणावळीत वाढणं. नोव्हेंबर-डिसेंबर आमची पोरं हॉलवरच असतात आणि त्या दोन महिन्यांत कोणाच्या मनाची चौकशी करायला कोणाला वेळ नसतो. मी हे तसंच सांगितलं, आवाज न चढवता. काही वेळ कोणी बोललं नाही, मग महिला मंडळाच्या मावशी म्हणाल्या की आमच्या लहानपणी कॅरलला सगळी घरं निघायची, युथ एकटं नव्हतं, ते परत करू की. आणि तसंच ठरलं, कॅरल राउंड वाड्यावाड्यांतल्या कुटुंबांकडे, सजावट पुरुषांकडे, युथकडे फक्त नाटक. टी-शर्टचे पैसे सोबत्यांच्या एक दिवसाच्या ट्रेनिंगला आणि अभ्यासिकेच्या लाइट बिलाला वळवले. खजिनदार काकांनी सही करताना तिमाही हिशेब मागितला, दिला पाहिजेच तो.

वर्षभरात काय झालं ते जसं आहे तसं सांगते. मंगळवारचा गट सगळ्यात चांगला चालला, जो गट कधी जमणार नाही असं सगळे म्हणत होते. तिथे मार्कचा पाचवा अध्याय वाचताना तो गरसेकरांच्या प्रदेशातला माणूस बरा होऊन येशूला म्हणतो मला तुझ्याबरोबर येऊ दे, आणि येशू त्याला होडीत घेत नाही, म्हणतो आपल्या घरी, आपल्या माणसांकडे जा आणि सांग. ज्याच्या आईला मिरजेला हलवली होती तो मुलगा म्हणाला की मला कायम वाटायचं खरं ख्रिस्ती काम म्हणजे नोकरी सोडून बायबल कॉलेजला जाणं. हॉलचं सगळं वायरिंग आता त्याने करून दिलंय, मजुरी घेतली नाही, सामानाचे पैसे घेतले.

सडा-बोगद्याचा गट पावसाळ्यात फुटला, चढावर रात्री यायला-जायला त्रास, घरंही लांब-लांब, त्याला वास्कोच्या गटात जोडून घेतलं. सोबतींच्या काही जोड्या जमल्या नाहीत, एका काकांनी भेटीचा अर्थ भाषण असा घेतला, मुलगा यायचा बंद झाला, जोडी बदलून दिली आणि काकांना दुसरं काम दिलं, ते आता अभ्यासिकेत गणित शिकवतात आणि तिथे पोरं त्यांना सोडत नाहीत. अभ्यासिकेत आमच्या मंडळीची पोरं कमी आणि शेजारची जास्त, कन्नड बोलणारी, उर्दू बोलणारी, दोन-चार कोकणी. एका पंचांना प्रश्न पडला की आपल्याला यातून काय मिळतं. मला वाटतं शेजाऱ्याच्या उपयोगी पडावा या ओळीखाली आपण सही केलीय, तर हा हिशेब मांडायचा नाही. कॅसिनोतली ती मुलगी मंगळवारच्या गटात येते, अजून तिथेच नोकरीला आहे, प्रार्थनेला स्वतःहून तोंड उघडते.

दर तीन महिन्यांनी तो कॅलेंडरचा नकाशा परत भिंतीला लावतो, नावं वाचतो, कोणाला गेल्या तीन महिन्यांत कोणीच भेटलं नाही ते शोधतो. बाकी रिपोर्ट नंतर. कागद आता फाटायला आलाय, नवीन करायला घेतलाय, कारण एक मोठी गोष्ट त्यात बसतच नाही. आमची पाच-सहा पोरं क्रूझवर आणि मालवाहू जहाजांवर आहेत, सहा-सात महिने समुद्रात आणि मग दोन-तीन महिने घरी, काही मुली आखातात नर्स म्हणून गेल्यात. त्यांचा घरासमोरचा तट कुठला धरायचा? एक मुलगा जहाजावरून नेट मिळेल तेव्हा मार्कचा अध्याय स्वतःच्या आवाजात वाचून ग्रुपवर टाकतो, मागे इंजिनाचा आवाज असतो. पण त्याचा सोबती कोण, भेट कधी, महिन्याचा नियम त्याला लावायचा की घरी असतानाचे तीन महिने वेगळे धरायचे, यावर येत्या मंगळवारी बसतोय. दुसऱ्या कुठल्या मंडळीत जहाजावरच्या पोरांसाठी काही जमवलं असेल तर मला नक्की कळवा, आम्हाला त्याची आत्ता गरज आहे.